अल्पसंख्याकांचे पक्ष आणि ‘अर्धं’ मत

वाटसरू (धागाकर्ता)

९ डिसेंबर १९२२. पोलंड पुन्हा स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली होती आणि संसदेची दोन्ही सभागृहं एकत्र बसून देशाचा पहिला अध्यक्ष निवडत होती. पाचव्या फेरीत गाब्रिएल नारुतोविच निवडून आले. त्यांना डाव्यांनी आणि शेतकऱ्यांच्या पक्षांनी मतं दिली, तशीच ज्यू, युक्रेनी, जर्मन, बेलारूसी प्रतिनिधींनीही दिली. अल्पसंख्याकांनी त्या निवडणुकीत आपली आघाडीच उभी केली होती. मोजणी स्वच्छ होती, आकडा स्पष्ट होता. तरी उजव्या पक्षांनी त्याच दिवसापासून गदारोळ सुरू केला, की या माणसामागे ‘पोलिश बहुमत’ नाही. ११ तारखेला शपथविधीला जाताना त्यांच्या वाटेत जमाव आडवा आला. १६ तारखेला वॉर्सातल्या एका चित्रप्रदर्शनात त्यांना गोळ्या घातल्या.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अडखळलो ते ‘पोलिश बहुमत’ या शब्दांवर. म्हणजे मतपेटीत पडलेलं मत एकच, पण ते कोणी टाकलं यावर ते पूर्ण धरायचं की अर्धं, हे ठरणार.

नंतर हेच वाक्य दुसरीकडे सापडलं. इस्रायलमध्ये १९९२ ते १९९५ या काळात पंतप्रधान राबिन यांचं सरकार अरब मतांवर उभ्या असलेल्या दोन छोट्या पक्षांच्या बाहेरून पाठिंब्यावर टिकून होतं. ऑक्टोबर १९९५ मध्ये पॅलेस्टिनींशी केलेला ओस्लोचा दुसरा करार संसदेत ६१ विरुद्ध ५९ मतांनी संमत झाला. विरोधकांचा आक्षेप: यात ‘ज्यू बहुमत’ नाही. महिन्याभरात राबिन यांचा खून झाला. खुनामागे बरंच काही होतं, सगळं या एका वाक्यावर ढकलता येणार नाही. पण ते वाक्य हवेत होतं, हे खरं.

अल्पसंख्याकांनी स्वतःचा पक्ष काढावा की मोठ्या पक्षात शिरून काम करावं, हा वाद जुना आहे आणि तो बहुतेक वेळा अल्पसंख्याकांनाच उपदेश करत चालतो. मला तो उलट्या बाजूने मांडायचा आहे. पक्ष कसा वागतो यापेक्षा, समोरचे त्याची मतं पूर्ण मोजतात का, यावर पुढचं सगळं ठरतं, असं माझं मत बनलंय. तुम्हाला काय वाटतं? उदाहरणं द्या, विरोधातली दिलीत तर अधिक बरं.

(भारतातल्या पक्षांसाठी स्वतंत्र धागा लागेल. तो विषय इथे आणला तर बाकी जग मागे पडेल, म्हणून मुद्दाम बाजूला ठेवलाय.)

कंदील

विरोधातलं मागितलंत, म्हणून लिहितो.

जात, धर्म, भाषा यांवर पक्ष उभा राहिला की निवडणूक म्हणजे जनगणना होते. किती डोकी आपली, किती त्यांची, एवढंच उरतं. रस्ता, दवाखाना, शेतमालाचा भाव यांवर मत बदलण्याची मुभा मतदाराला राहत नाही, कारण ‘आपल्या’ पक्षाला सोडणं म्हणजे घर सोडणं. बेल्जियममध्ये जवळपास सगळे पक्ष भाषेनुसार दुभंगले. फ्लेमिश मतदाराला फ्रेंचभाषक पक्षाचा विचार करायचं कारणच उरत नाही, आणि उलटही तसंच. २०१०-११ मध्ये तिथे नवं सरकार बनायला ५४१ दिवस लागले.

म्हणून अनेक देशांनी असे पक्ष काढूच दिले नाहीत. घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी कायदा करून वंश, धर्म, प्रदेश यांवर आधारलेल्या पक्षांना बंदी घातली. आफ्रिकेतल्या बऱ्याच राज्यघटनांत आज अशी कलमं आहेत. या देशांनी काहीतरी पाहिलं असेल म्हणूनच ना?

वाटसरू

कंदील, घानाचं उदाहरण महत्त्वाचं आहे, पण पुढचं पाऊलही पाहा. त्या कायद्याने अशांटींची चळवळ, उत्तरेचा पक्ष आणि मुस्लिमांचा पक्ष असे सगळेच बेकायदा ठरत होते. हे सगळे पंतप्रधान एन्क्रुमांचे विरोधक. त्यांनी मग एकत्र येऊन युनायटेड पार्टी काढली. १९६४ मध्ये घाना अधिकृतपणे एकपक्षीय झाला. बंदीमागचा हेतू ऐक्याचा असेलही, ती वापरली गेली विरोधकांवर. बेल्जियमवर मात्र तुमच्याशी सहमत. तिथे तर दोन मोठे भाषिक गट समोरासमोर आहेत, अल्पसंख्याकांचा पक्ष म्हणावं असं ते चित्रच नाही.

उत्तररात्र

माझ्या अभ्यासाचा विषय श्रीलंका, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

तिथल्या तमिळांची फेडरल पार्टी १९४९ ची. नेते चेल्वनायकम. मागणी संघराज्याची, मार्ग सत्याग्रहाचा. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा आला. संसदेबाहेर शांतपणे बसलेल्या तमिळ नेत्यांना जमावाने मारहाण केली. तरीही पक्षाने बोलणी सोडली नाहीत. जुलै १९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि चेल्वनायकम यांच्यात करार झाला: प्रादेशिक मंडळं, तमिळ भाषेला मान्यता, तमिळ भागांत सरकारने बाहेरच्यांच्या वसाहती वसवण्यावर काही मर्यादा. वेगळं राष्ट्र नाही, संघराज्यसुद्धा नाही, त्याहून कितीतरी कमी. एप्रिल १९५८ मध्ये भिख्खूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानी ठिय्या दिला आणि करार मोडला गेला. १९६५ मध्ये दुसऱ्या पंतप्रधानांशी, डडली सेनानायके यांच्याशी, दुसरा करार. तोही अमलात आला नाही.

आता याच पक्षाचा प्रवास बघा. १९७६ मध्ये वड्डुकोड्डई इथे तमिळ पक्षांच्या आघाडीने स्वतंत्र राष्ट्राचा ठराव केला. पुढच्या वर्षी निवडणुकीत तिला १८ जागा मिळाल्या आणि सत्तेतून गेलेला पक्ष ८ वर आल्यामुळे अमृतलिंगम विरोधी पक्षनेते झाले. वेगळ्या राष्ट्राचा ठराव करणारा पक्ष, आणि त्याचा नेता कोलंबोच्या संसदेत घटनात्मक पदावर! तो दरवाजा उघडा होता, शेवटची काही वर्षं का होईना. १९८३ च्या दंगलींनंतर घटनेत सहावी दुरुस्ती झाली. वेगळ्या राष्ट्राला पाठिंबा देणार नाही अशी शपथ घ्या, नाहीतर खासदारकी सोडा. त्यांनी शपथ घेतली नाही, जागा गेल्या. त्यानंतर तमिळांच्या वतीने बोलायला जे उरले त्यांच्या हातात बंदुका होत्या. अमृतलिंगम यांनाही १९८९ मध्ये कोलंबोत मारलं ते सिंहली जमावाने नव्हे, तमिळ वाघांनी (एलटीटीई).

कंदील म्हणतात तसं फेडरल पार्टीने निवडणुकीची जनगणना केली, हे अर्धसत्य आहे. जनगणना १९५६ च्या कायद्यानेच सुरू झाली होती. माझ्यासाठी या इतिहासातलं सर्वांत वेदनादायक पान १९८३ चं नाही, एप्रिल १९५८ चं आहे. तेव्हा मागणी इतकी लहान होती.

पाणपोई

दहा वर्षं फिनलंडमध्ये आहे, म्हणून दुसरी बाजू लिहिते.

इथे स्वीडिश मातृभाषा असलेले लोक लोकसंख्येच्या साधारण पाच टक्के. त्यांचा पक्ष १९०६ पासूनचा, स्वीडिश पीपल्स पार्टी. दोनशेच्या संसदेत नऊ-दहा जागा. १९७९ ते २०१५ अशी सलग छत्तीस वर्षं तो प्रत्येक सरकारात होता, सरकार डावं असो की उजवं. कोणी म्हणत नाही की अमक्या कायद्याला ‘फिनिश बहुमत’ नव्हतं.

रोजच्या जगण्यात याचा अर्थ काय? एखाद्या नगरपालिकेत अल्पसंख्य भाषेचे लोक किमान आठ टक्के किंवा तीन हजार असले की ती द्विभाषिक ठरते. मग रस्त्याच्या पाट्या, फॉर्म, पत्रं दोन्ही भाषांत. पाटीवर कोणती भाषा वर, हेसुद्धा त्या गावातल्या बहुसंख्येवर ठरतं. काही किनारी गावांत स्वीडिश वर आणि फिनिश खाली दिसते. मी आले तेव्हा ते पाहून खूप आश्चर्य वाटलं होतं.

सगळं गोड नाही. फिनिश मुलांना शाळेत स्वीडिश सक्तीची आहे आणि त्यावर नाराजी मोठी आहे. शिवाय कायम सत्तेत राहायचं तर कोणाहीबरोबर बसावं लागतं. २०२३ च्या सरकारात हा पक्ष स्थलांतरविरोधी फिन्स पार्टीच्या शेजारी बसला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या मतदारांना त्याचा फार त्रास झाला. माझ्या ओळखीच्या स्वीडिशभाषक कुटुंबांत यावरून दोन तट पडलेले मी पाहिलेत.

शब्दपेरणी

धाग्यात अजून न आलेला मुद्दा: किमान मतांची अट.

तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने देशभरात दहा टक्के मतं मिळाल्याशिवाय पक्षाला एकही जागा नाही, अशी अट होती. २००२ मध्ये कुर्दांचा पाठिंबा असलेल्या देहाप पक्षाला देशात सहा टक्क्यांच्या आसपास मतं पडली. शिर्नाक प्रांतात मात्र ४५.९५ टक्के. तिथल्या तीन जागांपैकी देहापला किती? शून्य. १४ टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षाने दोन नेल्या, तिसरी साडेनऊ टक्क्यांवरच्या अपक्षाला गेली. प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. २००८ मध्ये न्यायालयाने दहा टक्के जास्त आहेत असं म्हटलं, पण हक्कभंग मानला नाही.

अपक्षांना ती अट लागू नव्हती, म्हणून २००७ मध्ये कुर्द उमेदवार अपक्ष उभे राहिले, निवडून आले आणि आत गेल्यावर गट बनवला. दोन वर्षांत तो पक्षही घटनात्मक न्यायालयाने बंद केला. जून २०१५ मध्ये नव्या पक्षाने, एचडीपीने, १३ टक्के मतं घेऊन ८० जागा जिंकल्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचे सहअध्यक्ष देमिर्ताश तुरुंगात. वाटसरूंच्या भाषेत सांगायचं तर इथे मत अर्धं मोजण्यावर थांबत नाहीत, पेटीच उचलून नेतात.

वाटसरू

शब्दपेरणी, शिर्नाकचा आकडा मला माहीत नव्हता. अटीचं दुसरं टोक जर्मनीत आहे, आणि ते मला फार दिवसांपासून लिहायचं होतं.

श्लेस्विग-होल्स्टाईन राज्यात डॅनिश आणि फ्रिसियन अल्पसंख्याकांचा एसएसडब्ल्यू हा पक्ष आहे. १९५४ मध्ये पाच टक्क्यांच्या अटीमुळे त्याचा एकही आमदार उरला नाही. तेव्हा पश्चिम जर्मनीला नाटोत घेण्याची बोलणी सुरू होती आणि डेन्मार्कने तिथे हा प्रश्न काढला. मार्च १९५५ मध्ये बॉन आणि कोपनहेगन इथून दोन घोषणा झाल्या. करार नाही, प्रत्येक देशाने आपापल्या हद्दीतल्या अल्पसंख्याकांना दिलेली हमी. एसएसडब्ल्यूला पाच टक्क्यांच्या अटीतून सूट मिळाली.

पन्नास वर्षं सगळं सुरळीत. मग २००५ उजाडलं. दोन्ही बाजू इतक्या तुल्यबळ झाल्या की एसएसडब्ल्यूच्या दोन आमदारांनी बाहेरून पाठिंबा दिला तर हायडे सिमोनिस यांचं सरकार टिकणार होतं. आणि तेव्हा, ज्या पक्षाचं सगळे कौतुक करत होते त्याच पक्षाबद्दल लोक विचारायला लागले: सवलतीत आलेल्यांनी सरकार कोणाचं ते ठरवावं का? त्यांनी आपल्या शाळा नि भाषा पाहाव्यात. नेत्या आन्के श्पोरेंडोंक यांना धमक्या आल्या. (सिमोनिस शेवटी पडल्या त्या वेगळ्याच कारणाने, चार फेऱ्यांत स्वतःच्याच बाजूचं एक मत कमी पडलं.)

जर्मनी, शांत राज्य, पन्नास वर्षांची हमी. तिथेही प्रश्न वॉर्सातलाच निघाला. म्हणूनच माझ्या दृष्टीने कसोटीचा क्षण पक्ष निवडून येतो तेव्हाचा नसतो, त्याच्या मतावर सरकार ठरतं तेव्हाचा असतो.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१२ मध्ये एसएसडब्ल्यूच्या तीन जागा धरून एका मताचं बहुमत झालं, पक्ष सरकारात गेला आणि श्पोरेंडोंक न्यायमंत्री झाल्या. सवलतीविरुद्ध कोर्टात गेलेल्यांचा दावा राज्याच्या घटनात्मक न्यायालयाने २०१३ मध्ये फेटाळला. सरकार पाच वर्षं चाललं.

दवबिंदू

दक्षिण टिरोलशिवाय हा धागा अपुरा राहील. इटलीतला जर्मनभाषक प्रांत. त्यांचा पक्ष, एसव्हीपी, ८ मे १९४५ ला स्थापन झाला, म्हणजे युरोपातलं युद्ध संपलं त्याच दिवशी. १९५७ मध्ये पक्षाचे नेते माग्नागो यांनी बोल्झानोजवळच्या किल्ल्यावर हजारोंच्या सभेत ‘त्रेंतोपासून सुटका’ मागितली, म्हणजे शेजारच्या इटालियनभाषक प्रांताशी घातलेली सांगड सोडवण्याची मागणी. १९६१ मध्ये एका रात्रीत विजेचे खांब स्फोटांनी पाडले गेले. तिथून श्रीलंकेच्या वाटेने जाणं अगदी शक्य होतं. गेलं नाही, कारण रोम बोलत राहिलं आणि दिलेलं परत घेतलं नाही. १९७२ चा स्वायत्ततेचा कायदा, आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रांत वाद मिटल्याचं कळवलं.

हे झालं यश. आता त्याची किंमत, कारण इथे कंदील यांचा मुद्दा खरा ठरतो. सरकारी नोकऱ्या जर्मन, इटालियन आणि लादिन या तीन गटांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटतात. त्यासाठी प्रत्येकाने आपण कोणत्या गटाचे ते जाहीर करायचं. शाळा वेगळ्या. घरात दोन्ही भाषा असलेल्यांनी काय करायचं? अलेक्झांडर लांगर हा तिथलाच राजकारणी, हरित पक्षाचा युरोपीय खासदार. आयुष्यभर दोन्ही समाजांत पूल बांधत राहिला आणि असं जाहीर करायला त्याने नकार दिला. १९९५ मध्ये त्याला बोल्झानोच्या महापौरपदाची निवडणूक लढवायची होती. गटाचं प्रमाणपत्र नाही म्हणून उमेदवारीच नाकारली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने आत्महत्या केली. कारणं अनेक होती, एकाशी जोडणार नाही. पण तो नकार मला विसरता येत नाही.

बोस्नियात हेच टोकाला गेलंय. अध्यक्षमंडळावर एक बोस्नियाक, एक सर्ब, एक क्रोएट. रोमा (जिप्सी) समाजातले सेजदिच आणि ज्यू समाजातले फिंत्सी यांना उभंच राहता येत नाही, म्हणून ते कोर्टात गेले. २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. घटना अजून तशीच आहे.

कंदील

दवबिंदू, तुम्ही माझा मुद्दा माझ्याहून चांगला मांडलात. मला चीड आहे ती याच गोष्टीची: माणसाला आधी खण निवडायला लावायचा आणि मगच नागरिक मानायचं.

पण रात्री बल्गेरियाबद्दल वाचत बसलो आणि बंदीबद्दलचं माझं मत डळमळलं. १९८४-८५ च्या हिवाळ्यात तिथल्या राजवटीने तुर्कांची नावं सक्तीने बदलली. १९८९ मध्ये तीन लाखांहून जास्त लोक देश सोडून गेले. १९९१ च्या घटनेत वांशिक आणि धार्मिक पक्षांना बंदी आली. त्याच कलमाखाली तुर्कांच्या पक्षाला रद्द करण्याचा खटला झाला. बारापैकी सहा न्यायाधीश बंदीच्या बाजूचे, लागत होते सात. पक्ष वाचला आणि पुढे अनेक सरकारांत सहभागी झाला. त्या पक्षावरचे भ्रष्टाचाराचे आरोप मला ठाऊक आहेत, त्यांना झाकायचं नाही. पण ज्यांचं नावसुद्धा सरकारने हिरावलं होतं त्यांना त्यानंतर पाच-सात वर्षांत ‘तुम्ही वेगळे दिसू नका’ म्हणणं मला आता जड जाईल.

तरी रोमांचं काय, हा प्रश्न राहतोच. ते विखुरलेले आहेत, एका प्रांतात बहुसंख्य नाहीत. रोमानियात छोट्या अल्पसंख्याकांना संसदेत एकेक जागा मिळते. पाच लाखांहून अधिक रोमांना एक, आणि काही हजारांच्या समाजालाही एकच. वेगळा पक्ष हे औषध मुळात एका जागी राहणाऱ्यांसाठी आहे.

सायंतारा

न्यूझीलंडची थोडकी भर. माओरींसाठी तिथे १८६७ पासून राखीव मतदारसंघ आहेत, आज सात. माओरी पार्टी २००४ मध्ये निघाली, समुद्रकिनाऱ्याच्या मालकीवरून सत्तेतल्या लेबर पक्षाशी फाटलं म्हणून. २००८ मध्ये ती उजव्या नॅशनल पक्षाच्या सरकारला जाऊन मिळाली आणि तो वादग्रस्त कायदा २०११ मध्ये रद्द करून घेतला. त्याच साली एक खासदार बाहेर पडला, २०१७ मध्ये सगळ्या जागा गेल्या. २०२३ मध्ये सातपैकी सहा परत आल्या. काम करून घेतल्याबद्दल मतदारांनी शिक्षा केली, असं मला वाटतं. पाणपोईंनी लिहिलेल्या त्रासाचं हे पुढचं टोक.

पाणपोई

वाटसरू, एक शंका. एसएसडब्ल्यूला मत देणारा खरोखर डॅनिश आहे हे कोण तपासतं? नाहीतर सवलतीचा फायदा कोणीही घेईल.

वाटसरू

कोणीच तपासत नाही. १९५५ च्या घोषणेत ते लिहूनच ठेवलंय: एखाद्याने स्वतःला डॅनिश म्हटलं तर त्यावर सरकारी अधिकाऱ्यांनी शंका घ्यायची नाही आणि पडताळणीही करायची नाही. प्रमाणपत्र नाही, खण नाही. लांगरला जे हवं होतं त्याच्या हे बरंच जवळ जातं, म्हणून दवबिंदूंचा प्रतिसाद वाचताना मला हेच आठवत होतं.

२०२१ मध्ये या पक्षाचा एक खासदार, स्टेफान झाईडलर, जर्मनीच्या संसदेत गेला. २०२२ मध्ये राज्याच्या निवडणुकीत पक्षाला ५.७ टक्के मतं पडली, म्हणजे सवलत लागलीच नाही. डॅनिश अल्पसंख्याक साधारण पन्नास हजार मानले जातात, मुलाबाळांसकट. मतं त्याहून कितीतरी जास्त होती. त्यातली डॅनिश किती आणि जर्मन किती, हे मोजणारा रकानाच तिथे नाही.